खूणगाठ : कर्नलच्या स्मरणशक्तीचा धांडोळा

'मनाशी खूणगाठ बांधणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. त्यातला 'मनाशी' हा शब्द बाजूला केला की उरते ती खरीखुरी गाठ, घराबाहेर पडताना आजीने पदराच्या टोकाला मारलेली. काहीतरी आठवायचे आहे, एवढेच ती गाठ सांगते. काय आणायचे, किती आणायचे, कोणी सांगितले, यातले काहीही तिच्यात नसते. तीच गोष्ट कोणी दुसऱ्यांदा बजावली तरी गाठ एकच राहते. काम झाले की ती सोडायची, आणि सोडली की ती कधी होती याचा मागमूसही उरत नाही. स्मरणाचे याहून दरिद्री साधन शोधून सापडायचे नाही. तरी त्याच्यावर संसार चालले.

आपल्या हातातला मोबाइल किंवा बँकेतला संगणक यांच्या अगदी आत, जिथे वापरणाऱ्याचा हात कधीच पोहोचत नाही, तिथेही घडलेल्या घटनांची नोंद नेमक्या अशाच गाठींनी ठेवली जाते. गाठीला तिथे बिट म्हणतात आणि गाठींच्या ओळीला बिटमॅप. इतक्या तुटपुंज्या नोंदीवर एवढे मोठे यंत्र कसे विसंबते, त्यासाठी कोणती शिस्त पाळते आणि ही नोंद कुठे अपुरी पडते, हे सांगण्याचा या लेखाचा प्रयत्न आहे.

मी पेशाने हिशेब लिहिणारा. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम्सचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, छापून घ्यायचा आणि हिशेबाच्या वहीसारखा ओळीनओळ तपासत वाचायचा, हा गेल्या अनेक वर्षांचा छंद. नोंद कशाची ठेवायची आणि काय सोडून द्यायचे, हा प्रश्न वहीत आणि यंत्रात एकच आहे, म्हणून या वाचनाची गोडी लागली.

गर आणि कवच

इथला कर्नल लष्करातला नव्हे. बदाम फोडल्यावर आत मिळतो तो गर, हा या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या परंपरेत माणूस ज्या भागाला आज्ञा देतो त्याला 'शेल', म्हणजे कवच म्हणतात. त्याच्या आतला गर तो कर्नल. स्मृती, डिस्क, नेटवर्क, घड्याळ या सगळ्यांवर त्याचा ताबा असतो. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला, म्हणजे प्रोसेसला, प्रोसेसरचा वेळ तोच वाटून देतो.

कर्नलची अडचण अशी की घटना त्याला विचारून घडत नाहीत. कुणी कळ दाबतो, नेटवर्कवरून माहितीचे पॅकेट येते, घड्याळाचा ठोका पडतो, एखादी प्रोसेस संपते. त्या क्षणी कर्नल दुसऱ्याच कामात गुंतलेला असतो. हातातले काम टाकून आलेल्या घटनेचे सगळे निस्तरत बसला, तर तेवढ्यात आणखी दोन घटना दारात उभ्या राहतात. म्हणून तो कामाचे दोन भाग करतो. घटना घडताच फक्त नोंद करायची. निस्तरणे नंतर, योग्य जागी आल्यावर. ती नोंद क्षणार्धात झाली पाहिजे, आणि तिने 'जागा नाही' असे कधीही म्हणता कामा नये. या दोन अटी लक्षात ठेवाव्यात. पुढचे सगळे त्यांच्यातून निघते.

सोळा गाठींची ओळ

बिट म्हणजे संगणकाच्या स्मृतीतला सर्वांत लहान घटक. त्यात शून्य असते किंवा एक. सोळा बिटे एका ओळीत मांडली आणि प्रत्येक जागेला आपण एकेक अर्थ ठरवून दिला की झाला बिटमॅप. युनिक्समध्ये प्रोसेसला द्यायच्या सूचनांना सिग्नल म्हणतात आणि प्रत्येक सिग्नलला क्रमांक असतो. २ म्हणजे कीबोर्डवरून आलेला 'थांब', ९ म्हणजे विनाअट समाप्ती, १४ म्हणजे लावलेला गजर झाला. आता उजवीकडून मोजत २ आणि १४ या जागी एक ठेवू :

००१० ०००० ०००० ००१०

ही झाली नोंद : गजर झाला आहे आणि 'थांब' आले आहे. संख्या म्हणून वाचली तर ही ओळ ८१९४ होते, कारण दुसऱ्या जागेची किंमत २ आणि चौदाव्या जागेची ८१९२. पण ती संख्या म्हणून वाचायचीच नसते. समजा, 'थांब' पुन्हा आले आणि आपण बेरीज करून आणखी २ मिळवले, तर ८१९६ होतील. म्हणजे हातचा पुढे सरकून दुसरी जागा रिकामी होईल आणि तिसरी भरेल. आलेला सिग्नल गायब, आणि कधीच न आलेला तिसरा हजर! म्हणून इथे बेरीज चालत नाही. त्याऐवजी 'किंवा' नावाची क्रिया करतात : जागा आधी भरलेली असो किंवा आता भरायची असो, उत्तर एकच, भरलेली. गाठीवर गाठ मारली तरी गाठ एकच. गाठ आहे का ते पाहायला 'आणि' ही क्रिया : हवी ती एकच जागा उघडी ठेवून बाकी सगळ्या झाकायच्या. प्रोसेसर यांपैकी कोणतीही क्रिया एका सूचनेत उरकतो, आणि सोळाही जागांवर ती एकाच वेळी घडते.

एक अक्षर ते सोळा बिटे

ही रीत पहिल्या दिवसापासून नव्हती. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम सुरू केले. १९७५ मध्ये आलेली त्याची सहावी आवृत्ती अभ्यासकांच्या जिव्हाळ्याची आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी तिच्या कर्नलचा सुमारे नऊ हजार ओळींचा कोड छापून त्यावर ओळीनुसार भाष्य लिहिले. पुढे परवान्याच्या अटींमुळे ते उघडपणे शिकवणे बंद झाले आणि छायाप्रतींच्या छायाप्रतींमधून ते हातोहात फिरत राहिले. १९९६ मध्ये ते रीतसर पुस्तकरूपाने आले. टीकेसह पोथी वाचायची सवय असलेल्या माणसाला ते अजिबात परके वाटत नाही.

या सहाव्या आवृत्तीत प्रत्येक प्रोसेसच्या नोंदीत 'पी-सिग' नावाचा रकाना आहे. तो फक्त एका बाइटचा, म्हणजे एका अक्षराएवढा. त्यात बिटमॅप नाही; आलेल्या सिग्नलचा क्रमांक आहे, एकच. नवा सिग्नल आला की जुन्या क्रमांकावर नवा लिहिला जातो. अपवाद एकच : आधीचा क्रमांक ९ असेल, म्हणजे प्रोसेसच्या समाप्तीचा हुकूम निघालेला असेल, तर त्यावर दुसरे काही लिहायचे नाही. याचा अर्थ असा, की एक सिग्नल आला आणि तो प्रोसेसच्या कानावर जाण्याआधीच कोणी 'थांब' म्हटले, तर पहिला सिग्नल कायमचा पुसला जाई. दोन वेगळ्या घटनांना एकच पाटी होती.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत रकान्याचे नाव तेच राहिले, पण तो एका बाइटाऐवजी दोन बाइटांचा झाला आणि त्याचा अर्थ बदलला. आता त्यात क्रमांक लिहायचा नाही; त्या क्रमांकाच्या जागी गाठ मारायची. सिग्नल पंधरा ठरलेले, जागा सोळा. एका जादा बाइटात सगळ्या सिग्नलांची एकमेकांपासून सुटका झाली. गजर आणि 'थांब' दोन्ही शेजारी-शेजारी राहू लागले.

हा बदल किरकोळ वाटेल, पण काळाचे परिमाण लक्षात घ्यावे. ज्या पीडीपी-११ यंत्रावर हे चालत होते, त्यावर एका प्रोग्रॅमच्या वाट्याला एका वेळी ६४ किलोबाइटचीच स्मृती येई. सहाव्या आवृत्तीत प्रोसेसच्या यादीत जागाच मुळी ५० होत्या. प्रोसेस झोपली आणि तिचा सगळा पसारा डिस्कवर हलवला, तरी यादीतली तिची छोटी नोंद स्मृतीतच ठेवावी लागे, कारण घटना झोपलेल्यासाठीही घडतात. तिथे प्रत्येक बाइट मोजून खर्च होत होता. अशा ठिकाणी घटनेमागे एक बिट हा सौदा स्वस्तातला होता.

१९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने काढलेल्या युनिक्समध्ये बत्तीस-बत्तीस बिटांच्या चार ओळी शेजारी मांडल्या गेल्या : आलेले सिग्नल, तूर्त थोपवलेले, दुर्लक्ष करायचे आणि स्वतः हाताळायचे. 'आलेले, पण थोपवलेले नाहीत असे कोणते?' या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींवरच्या एका क्रियेत मिळू लागले. आजचे लिनक्सही याच पद्धतीने सिग्नलांचा हिशेब ठेवते, फक्त ओळ चौसष्ट बिटांची आहे.

गाठ काय विसरते

आता या सौद्याची दुसरी बाजू. बिटाला दोन गोष्टी ठाऊक नसतात : घटना किती वेळा घडली आणि कोणती आधी घडली. सातव्या आवृत्तीचा कर्नल ओळ उजवीकडून तपासू लागे आणि पहिली गाठ दिसेल ती घेई. गजर आधी होऊन 'थांब' नंतर आले असले तरी प्रोसेसला २ आधी मिळे, १४ मागून.

मोजणी विसरण्याचा त्रास अधिक गंभीर आहे. त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे अपत्य-प्रोसेस संपल्याचा सिग्नल. युनिक्समध्ये एक प्रोसेस दुसरीला जन्म देते. अपत्य संपले की कर्नल त्याची स्मृती मोकळी करतो. पण ते कसे संपले एवढी नोंद यादीत राखून ठेवतो आणि पालकाला सिग्नल देतो. पालकाने येऊन चौकशी केली की ती नोंद पुसली जाते. तोवर त्या नोंदीला 'झॉम्बी' म्हणतात : देह नाही, पण यादीत नाव आहे.

समजा, पालकाने काही नाजूक कामासाठी सिग्नल थोपवून धरले आहेत आणि तेवढ्यात तीन अपत्ये संपली. पहिल्याने गाठ बसली. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या वेळी गाठ होतीच. पालक मोकळा झाल्यावर त्याला सिग्नल मिळतो एक. 'एक सिग्नल म्हणजे एक अपत्य' असा हिशेब त्याने केला, तर एकाची नोंद उचलली जाईल आणि दोन झॉम्बी तसेच राहतील. दिवसाला हजारो अपत्यांना जन्म देणाऱ्या एखाद्या सर्व्हरवर अशी नावे साचत जातात आणि शेवटी यादी भरते. मग नवी प्रोसेस सुरूच होत नाही. यंत्र चालू आहे, स्मृती शिल्लक आहे, पण नवीन कामाला नकार. कारण शोधायला गेले, तर कुठेही काही तुटलेले नसते. गाठीला मोजदाद समजणे, एवढेच घडलेले असते.

यावरचा उपाय बिटात नसून वाचणाऱ्याच्या वागण्यात आहे. सिग्नल आला की पालकाने विचारायचे, 'संपलेले कोणी आहे का?' एक मिळाले की पुन्हा तेच विचारायचे. 'आता कोणी नाही' असे उत्तर येईपर्यंत थांबायचे नाही. असे केले तर तीनच काय, तीस अपत्यांमागे एक गाठ असली तरी बिघडत नाही.

मला या साऱ्या व्यवहाराचे मर्म इथे दिसते. अपत्ये किती संपली याची खरी नोंद प्रोसेसच्या यादीत आहे, तीही तपशीलवार. बिट फक्त 'जाऊन पाहा' असे म्हणते. आजीच्या पदराची गाठही अशीच पुरायची, कारण घरी डबा उघडला की साखर संपली आहे हे दिसतच असे. सत्य दुसरीकडे सुरक्षित असेल, तर स्मरणाचे साधन दरिद्री असून चालते.

आधी सोडायची, मग काम

गाठ कधी सोडायची? साहजिक उत्तर : काम झाल्यावर. कर्नलमध्ये हेच उत्तर घातक ठरते.

लिनक्समध्ये 'सॉफ्टआयआरक्यू' नावाची व्यवस्था आहे. घाईच्या क्षणी केवळ नोंदवून ठेवलेली कामे नंतर उरकण्याची ती जागा. तिच्यात कामांचे दहा प्रकार आहेत : घड्याळाची कामे, नेटवर्कवरून पाठवायचे, नेटवर्कवरून आलेले, डिस्कची कामे, इत्यादी. प्रत्येक प्रोसेसरपाशी या दहा प्रकारांची एक बिटांची ओळ असते. मोबाइलवर निरोप येतो तेव्हा पॅकेट आधी स्मृतीतल्या ठरलेल्या जागेत पडते आणि 'नेटवर्कवरून आलेले' या जागी गाठ बसते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच कर्नल असल्याने ही गाठ आपल्या खिशातही बसत असते.

आता कर्नल ही ओळ हातात घेतो. समजा, त्याने आधी सगळी पॅकेटे उचलली आणि मग गाठ सोडली. शेवटचे पॅकेट उचलणे आणि गाठ सोडणे यांच्या मधल्या निमिषात एक नवे पॅकेट आले. त्याच्यासाठी गाठ मारायला गेले, तर गाठ आहेच. आणि पुढच्याच क्षणी कर्नल ती सोडतो. पॅकेट जागेवर पडून आहे, गाठ नाही. आणखी एखादे पॅकेट येऊन नवी गाठ बसेपर्यंत त्या निरोपाकडे कोणी फिरकणार नाही.

म्हणून कर्नल उलट क्रम पाळतो. ओळीची एक नक्कल हातात घेतो, मूळ ओळ लगेच कोरी करतो, आणि त्यानंतर नकलेप्रमाणे कामाला लागतो. काम चालू असताना काही नवे घडले, तर कोऱ्या ओळीवर नवी गाठ बसते आणि ती टिकते. कधीकधी याचा तोटा असा, की नव्या गाठीचे पॅकेट आधीच्याच फेरीत उचलले गेलेले असते आणि पुढची फेरी रिकामी जाते. पण एक हेलपाटा फुकट जाणे परवडते. निरोप हरवणे परवडत नाही.

एक फेरी संपली की कर्नल ओळ पुन्हा पाहतो. नव्या गाठी असतील तर पुन्हा फेरी. पण त्यालाही मर्यादा आहे : सुमारे दोन मिलिसेकंद किंवा दहा फेऱ्या. त्यानंतरही गाठी उरल्या तर ते काम एका वेगळ्या, सामान्य दर्जाच्या प्रोसेसकडे सोपवले जाते. नाहीतर नेटवर्कचा लोंढा निस्तरता निस्तरता बाकी सगळ्या प्रोसेस उपाशी राहतील.

दोन हात, एक पदर

आजच्या यंत्रात एकापेक्षा अधिक प्रोसेसर असतात आणि एकाच पदराला दोघे एकदम गाठ मारायला येऊ शकतात. गाठ मारणे ही क्रिया आपल्याला एक दिसते. प्रत्यक्षात तिच्या तीन पायऱ्या आहेत. ओळ वाचायची, बदलायची, परत लिहायची. पहिल्याने कोरी ओळ वाचली, दुसऱ्यानेही कोरीच वाचली. पहिल्याने जागा २ भरून ओळ लिहिली. दुसऱ्याने आपल्या हातातल्या कोऱ्या नकलेत जागा १४ भरली आणि तीच मूळ ओळीवर लिहिली. जागा २ ची गाठ हरवली. दोघांनीही आपले काम चोख केले होते.

यासाठी प्रोसेसरमध्येच अशा सूचना असतात, ज्यात तिन्ही पायऱ्या अखंड घडतात आणि मध्ये दुसऱ्या कोणाला शिरता येत नाही. अशा अखंड क्रियेला वेळ थोडा अधिक लागतो, म्हणून लिनक्समध्ये बिट भरण्याच्या दोन क्रिया आहेत : एक अखंड, आणि दुसरी साधी, जिच्या नावाआधी दोन अधोरेषा असतात. इथे आपल्याशिवाय दुसरा कोणी नाही याची खात्री असेल तेव्हाच साधी वापरायची.

अखंड क्रियेचा एक प्रकार फार उपयोगी आहे. ती गाठ मारते आणि 'आधी गाठ होती का?' याचे उत्तरही देते. नसेल, तर पहिली गाठ आपण मारली. म्हणजे काम करणाऱ्याला उठवायची जबाबदारी आपली. असेल, तर ते काम दुसऱ्या कोणी आधीच केले आहे. दहा जण गाठ मारायला आले तरी उठवणारा एकच ठरतो, आणि त्यासाठी त्यांना आपसांत बोलावे लागत नाही.

दुसरा उपाय भांडण मुळातच टाळण्याचा : प्रत्येकाला वेगळा पदर. सॉफ्टआयआरक्यूची ओळ प्रत्येक प्रोसेसरची स्वतंत्र असते ती यासाठीच.

गाठ शोधणे

गाठी लांबलचक ओळीत असतील तर त्या शोधायच्या कशा? सातव्या आवृत्तीत एकेक जागा चाचपत जात. आजच्या प्रोसेसरमध्ये 'उजवीकडून पहिली भरलेली जागा कोणती' हे एका सूचनेत सांगण्याची सोय आहे. २००३ च्या डिसेंबरात आलेल्या लिनक्स २.६ मध्ये इंगो मोलनार यांनी लिहिलेली प्रोसेस निवडण्याची व्यवस्था याच सोयीवर उभी होती. अग्रक्रमाच्या १४० पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एक रांग, आणि कोणत्या रांगेत कोणीतरी उभे आहे हे दाखवणारी १४० बिटे. रांगेत दहा प्रोसेस असोत की दहा हजार, पुढचा कोण हे ठरवायला सारखाच वेळ लागे. २००७ मध्ये २.६.२३ या आवृत्तीत निवडीचे धोरणच बदलले आणि ती व्यवस्था निवृत्त झाली.

जागा हजारोंनी असतील तर ओळींवर ओळ रचतात. केंब्रिज विद्यापीठात जन्मलेल्या झेन या प्रणालीत एकाच यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम्स नांदतात आणि त्यांना घटना कळवण्यासाठी बिटमॅप वापरला गेला. चौसष्ट बिटांच्या चौसष्ट ओळी, म्हणजे ४०९६ गाठी. त्यांच्यावर चौसष्ट बिटांची एक पालक-ओळ : कोणत्या ओळीत निदान एक गाठ आहे, एवढेच ती सांगते. तिच्याही वर एकच बिट : 'काहीतरी आहे.' त्या एका बिटात काही नसेल तर पुढे पाहायचे कारणच नाही. असेल, तर दोन पावलांत नेमकी जागा सापडते.

रोजकीर्दीची किंमत

जिथे सत्य दुसरीकडे नोंदलेले नसते, तिथे मात्र गाठ पुरत नाही. प्रत्येक सिग्नलबरोबर एखादी संख्या पाठवायची असेल आणि दहाच्या दहा हव्या असतील, तर त्यांचे एका बिटात रूपांतर होणे म्हणजे नऊ हरवणे. १९९३ च्या पॉझिक्स मानकाने यासाठी 'रिअल-टाइम' सिग्नल आणले. लिनक्समध्ये क्रमांक १ ते ३१ जुन्या रीतीचे आणि ३२ ते ६४ या नव्या रीतीचे. नव्यांची रांग लागते. प्रत्येक खेप वेगळी नोंदली जाते, आलेल्या क्रमाने मिळते आणि सोबतचा तपशीलही टिकतो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर ही रोजकीर्द. लक्ष्मीपूजनाला जिची पूजा होते ती.

पण रोजकीर्दीला पाने लागतात. रांगेतल्या प्रत्येक नोंदीसाठी स्मृतीत जागा मागावी लागते, आणि ती मिळेलच असे नाही. कोणा एकाने सगळी पाने भरून टाकू नयेत म्हणून लिनक्स प्रत्येक वापरकर्त्यासाठी मर्यादा ठरवते. ती संपली की पाठवणाऱ्याला उत्तर मिळते : आत्ता जागा नाही, पुन्हा प्रयत्न करा. सुरुवातीला सांगितलेल्या दोन अटींपैकी दुसरी इथे मोडते. बिटाची जागा प्रोसेसच्या जन्मापासून राखीव असते, म्हणून बिट नकार देऊ शकत नाही.

लिनक्सने यातून काढलेला मार्ग विचार करण्याजोगा आहे. जुन्या रीतीच्या सिग्नलसाठीही तो आधी तपशिलाचे पान मागतो. पान मिळाले नाही तर तपशील सोडून देतो, पण गाठ मारतोच. विनाअट समाप्तीच्या ९ क्रमांकासाठी तर तो पान मागायच्या भानगडीतच पडत नाही; थेट गाठ. स्मृती संपत आलेली असते तेव्हाच कोणाला तरी संपवण्याची वेळ येते, आणि त्या वेळी हुकूम लिहायला कागद नाही म्हणून अडून राहणे परवडणारे नसते.

झेनने २०१४ च्या ४.४ आवृत्तीत दोहोंची सांगड घातली. प्रत्येक घटनेला आधीपासून राखीव असा एक शब्द, त्यात आल्याची गाठ, आणि शेजारीच 'माझ्यामागे कोण' हे सांगणारा दुवा. त्यामुळे क्रम टिकतो. तीच घटना गाठ सुटण्यापूर्वी पुन्हा घडली तर मोजणी मात्र याही व्यवस्थेत टिकत नाही.

पाहायचे असेल तर

ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांना हे सारे डोळ्यांनी पाहता येते. 'प्रॉक' नावाच्या फोल्डरात प्रत्येक प्रोसेसच्या क्रमांकाचे एक दालन असते आणि त्यात 'स्टेटस' नावाची फाइल. तिच्यात सिग्नलांच्या पाच ओळी दिसतील : दोन आलेल्यांच्या, आणि थोपवलेले, दुर्लक्षित व हाताळायचे यांची प्रत्येकी एक. प्रत्येक ओळीत सोळा अंक. प्रत्येक अंक चार बिटांचा, म्हणून सोळा अंकांत चौसष्ट बिटे. समजा, थोपवलेल्यांच्या ओळीत असे दिसले :

००००००००००० १००००

उजवीकडच्या चार शून्यांनी सोळा बिटे व्यापली. पुढचे एक सतराव्या जागी आहे. नेहमीच्या संगणकांवर आणि फोनवर सतरा म्हणजे अपत्य संपल्याचा सिग्नल. ही प्रोसेस सध्या ती वार्ता ऐकून घेत नाही. तिची तीन अपत्ये आत्ता संपली, तर वर सांगितलेली कथा तिच्याबाबत खरी होईल.

आलेल्यांच्या ओळी पाहाल तर तिथे जवळजवळ नेहमी शून्ये दिसतील. यंत्रात काही घडत नाही असा त्याचा अर्थ नाही. गाठी बसतात आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी सुटतात. काल किती वेळा काय घडले, हे या ओळीला विचारून उपयोग नाही. ते तिचे कामच नव्हे. ज्याला कालचा हिशेब हवा असेल, त्याने तो वेगळ्या वहीत, वेगळी पाने मोजून लिहायला हवा. आणि जिथे सगळा हिशेब लिहिणे शक्य नाही, तिथे गाठ मारण्याआधी एवढे पाहावे, की डब्यात डोकावणारा कोणीतरी आहे आणि तो डबा तळापर्यंत पाहणार आहे.